एका शेडच्या दोन ओळी

आमच्या गाळ्यात बारा महिने लोकर असायची आणि बारा महिने घाम. घाटकोपर पश्चिमेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. खाली पत्र्याचे डबे ठोकायचा कारखाना, शेजारी लग्नपत्रिकांचा छापखाना, आणि मध्ये आम्ही, चारही भिंतींना लोकरीचे गुंडे लावून बसलेले. मुंबईत लोकर घेतं तरी कोण, हा प्रश्न मला माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी आळीपाळीनं विचारून झाला होता. मुंबईत कोणी फारसं घेत नाही. आमचं दुकान होतं ऑनलाइन, आणि पार्सलं जायची डोंगरात. मी गुंड्यांचे फोटो काढायचे आणि त्यांची वर्णनं लिहायचे. गाळ्यातल्या स्टॉकचं सगळं बघायच्या कुंदाताई चेंदवणकर.

विक्रोळीच्या चाळीत वाढलेल्या, तिथंच राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या. ठेंगण्या. बारीक काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही. घाम पुसायला रुमाल नाही, पदर. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाई माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या मागच्या कुणाशी तरी बोलताहेत. मी वळूनही पाहिलं. मागे नुसतं शेल्फ होतं.

त्यांचं काम ऐकायला रुक्ष आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. रोज सकाळी साडेदहाला त्या वही घेऊन शेल्फांपुढून फिरत आणि गुंडे मोजत. मग खुर्चीत बसून दुकानाच्या साइटवरून स्टॉकची फाइल उतरवून घेत. फाइलमध्ये अकराशेच्या वर ओळी. प्रत्येक ओळीत लोकरीची एक शेड, आणि शेवटच्या रकान्यात आकडा, किती गुंडे शिल्लक आहेत त्याचा. तो रकाना वरपासून खालपर्यंत भरायचा आणि फाइल परत चढवायची. फाइल चढायला पाचेक मिनिटं लागत. त्या पाच मिनिटांत कुंदाताई हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसत. छापखान्याचं यंत्र धडधडत असे, खाली पत्रा ठोकला जात असे, आणि त्या मात्र कुठल्या कुठे गेलेल्या. मग डोळे न उघडताच म्हणत, "पोचलं बघ." कुठे पोचलं ते मी सुरुवातीला विचारत असे. "सगळीकडे," त्या म्हणत.

बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. महाबळेश्वरला एकदा गेल्या होत्या, तेही मे महिन्यात. पण डोंगरातली थंडी त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळायची. सप्टेंबर संपताना जाड लोकरीचे आकडे खाली यायला लागले की त्या फाइलवर बोट ठेवून सांगत, "वैशू, वर गारवा पडला गं. बायकांनी सुया काढल्या." मग आठवडाभरानं चंपावत, अल्मोडा, पालमपूर अशी गावं पार्सलांवर दिसू लागत. आकड्यांची ती उतरण त्या हिवाळाभर रोज बघत. आधी तपकिरी आणि राखाडी जाते, ती पुरुषांची. मग लाल आणि मोरपंखी. आणि जानेवारीत एकदम फिका गुलाबी, फिका पिवळा, म्हणजे बाळंतपणं. इथे आम्ही पंखा पाचवर लावून बसलेलो आणि या बाईच्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी चुलीजवळ कुणी तरी विणत बसलेलं. आमचे मालक हसमुखभाई दुपारी आले की पहिला प्रश्न हाच करत, "कुंदाबेन, थंडी कुठे पोचली?" आणि त्या गंभीरपणे सांगत, "डेहराडूनपर्यंत आली."

एकदाच चुकल्या. ऐन एप्रिलात राखाडी लोकर धडाधड जायला लागली. कुंदाताईंनी जाहीर केलं, अवेळी थंडी पडली, पिकांचं काही खरं नाही. दोन दिवस त्या हळहळत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं की सगळी लोकर चेन्नईला एकाच बाईकडे गेली आहे आणि ती क्रोशाचे हत्ती विणते. मी इतकी हसले की छापखान्यातला माणूस बघायला आला. कुंदाताई शांत. "हत्तींना पण लागते थंडी," म्हणाल्या आणि पुढची ओळ भरायला लागल्या.

आता लॉटबद्दल सांगायला हवं, कारण कुंदाताईंचा जीव त्यात होता. लोकर रंगवतात ती एकेका हौदात. एकाच शेडची लोकर आज रंगवली आणि पुढच्या महिन्यात परत रंगवली, तर रंग तोच म्हणायचा पण अगदी तोच नसतो. कणभर फरक पडतो. त्या एका खेपेला लॉट म्हणतात. गुंडे वेगवेगळे ठेवले तर तुमच्या-आमच्या डोळ्यांना काही कळत नाही; पण एकाच स्वेटरात दोन लॉट विणले की पाठीवर पट्टा उठतो आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. गिरणीच्या चिठ्ठीवर लॉटचा नंबर असतो, पण चिठ्ठ्या चुकीच्या लागलेल्या असतात, गळून पडलेल्या असतात, आणि कधी नंबर वेगळा असून रंग तोच निघतो. म्हणून आलेली प्रत्येक खेप कुंदाताई गाळ्याबाहेरच्या गॅलरीत उजेडात नेऊन जुन्या गुंड्याशेजारी धरत आणि ठरवत. वेगळी असेल तर फाइलमध्ये तिची वेगळी ओळ. त्यामुळे आमच्याकडे शेडी चारशेही नव्हत्या आणि ओळी मात्र अकराशे.

त्यातही त्यांचा एक नियम होता. कुठल्याही लॉटचे जितके गुंडे असतील त्याच्यापेक्षा दोन कमी लिहायचे. ते दोन मागच्या शेल्फावर, लॉटचा नंबर लिहिलेल्या पिशवीत. "विणणारीला शेवटी दोन गुंडे कमी पडतातच," त्या म्हणत. "बाही राहते, नाही तर गळा राहतो. तेव्हा ती येते." आणि खरंच यायच्या. चंद्रपूरहून एका बाईंचा फोन आला, नवऱ्याच्या स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. साइटवर ती शेड दिसतच नाही. कुंदाताईंनी पिशवी काढून दिली. तिसऱ्या आठवड्यात स्वेटर घातलेल्या नवऱ्याचा फोटो आला. चेहरा त्रासलेला, कारण चंद्रपुरात तेव्हा उकडत होतं. हसमुखभाईंना हे मागचं शेल्फ माहीत होतं. त्यांनी ते कधी पाहिलं नाही, म्हणजे तिकडे तोंड करून ते कधी उभेच राहिले नाहीत.

मला तिथं तिसरं वर्ष चालू असताना, एका दुपारी डबा खाताना कुंदाताई म्हणाल्या, "वैशू, तुझं नाक मला दिसत नाही." मला वाटलं थट्टा चाललीय. मग त्यांनी नीट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेकडेचं स्वच्छ दिसायचं आणि नेमकं मधलं पुसट. म्हणून त्या माणसाकडे बघायचं तर त्याच्या कानापलीकडे बघत. त्यांची ती हरवल्यासारखी नजर, जिला आम्ही सगळे स्वभाव समजत होतो, ती खरं म्हणजे आम्हाला नीट बघायची धडपड होती. मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरात वावरता येईल, पण बारीक वाचन जाणार, आणि रंग फिके होत जाणार. वर्ष, दीड वर्ष.

मी डबा बाजूला सारला. त्या मात्र लोणच्याची फोड शोधत होत्या. "आकडे कोणीही भरेल गं," म्हणाल्या. "लॉट कोण बघणार?"

हे एकच त्यांच्या मनात होतं. आपण गेल्यावर कुणी तरी लॉट वेगळे ठेवायला हवेत. घरी बसायचं दुःख नव्हतं, नवऱ्याची पेन्शन होती, मुलगी ठाण्याला सुखात होती. पण आपल्या मागे सगळ्या निळ्या एका ढिगात जातील आणि कुठे तरी कुणाच्या पाठीवर पट्टा उठेल, हे त्यांना सहन होत नव्हतं. साहजिकच त्यांनी आधी माझी परीक्षा घेतली. गॅलरीत नेलं, दहा जोड्या दाखवल्या. मी सहा चुकवल्या. "तुला माणसं दिसतात गं," त्या म्हणाल्या, "रंग नाही दिसत." फोटो काढणाऱ्या बाईला हे ऐकून कसं वाटलं असेल ते सोडा. पण खोटं नव्हतं.

आणि त्याच सुमाराला किंजल आली. हसमुखभाईंची धाकटी मुलगी, नुकतीच शिकून आलेली, हुशार, भराभर बोलणारी. पहिल्या आठवड्यात तिनं सगळा गाळा मोजून काढला. शेवटी मागच्या शेल्फापाशी येऊन थांबली.

"ताई, एवढा माल इथे आहे आणि साइटवर नाही? सीरियसली?"

"तो येणाऱ्यांसाठी आहे," कुंदाताई म्हणाल्या.

"कोण येणार आहे?"

"ते अजून कळलेलं नाही."

किंजल माझ्याकडे बघायला लागली. मी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. तिचंही काही चूक नव्हतं. तिला सगळं आपोआप करायचं होतं. पार्सल निघालं की आकडा आपला आपण उतरेल अशी व्यवस्था. त्यासाठी एक शेड, एक ओळ, एक आकडा हवा होता. तिनं कुंदाताईंना सांगितलं की सगळ्या लॉटांची बेरीज करून ती शेडच्या एका ओळीत लिहा, आणि लॉटांच्या बाकीच्या ओळींत शून्य भरा. कुंदाताईंनी एकदा समजावून पाहिलं. किंजल म्हणाली, "ताई, फोटोत तर सेम दिसतात ना?" फोटो माझे होते. मी पुन्हा काच पुसली. आजही त्या वेळच्या माझ्या गप्प राहण्याची मला लाज वाटते.

कुंदाताईंनी दोन दिवस बसून बेरजा केल्या. शेडची ओळ भरली. लॉटांच्या ओळींपाशी मात्र त्यांचा हात चालेना. शेल्फावर डोळ्यांसमोर लोकर आहे, पुसट का होईना दिसते आहे, आणि तिच्या नावापुढे शून्य कसं लिहायचं? म्हणून त्यांनी ते चौकोन रिकामे ठेवले. त्यांच्या लेखी ते त्याहून सभ्य होतं. फाइल चढवली, डोळे मिटून बसल्या, पण "पोचलं" म्हणाल्या नाहीत.

रिकाम्या चौकोनाचा अर्थ साइटच्या दृष्टीनं वेगळा असतो. शून्य म्हणजे संपलं. रिकामं म्हणजे हात लावू नका, आहे तेच राहू द्या. म्हणजे बेरजेची नवी ओळही दिसायला लागली आणि लॉटांच्या जुन्या ओळीही जशाच्या तशा. तीच लोकर दुकानात दोनदा. ऑक्टोबर होता, वर थंडी पडलेली. शनिवार-रविवारात, नव्हती तेवढी लोकर विकली गेली. सोमवारी सकाळी सत्तरएक ऑर्डरी अशा होत्या की त्यांना द्यायला पुरेसे गुंडे नव्हते, किंवा होते ते वेगवेगळ्या लॉटचे.

कारण सापडलं तेव्हा किंजलचा चेहरा लाल झाला. "ताई, झीरो लिहायचं होतं फक्त! वाट लागली यार सगळी."

मला वाटलं आता कुंदाताईंचं संपलं. त्यांनाही वाटलं असणार. पण त्या रडल्या-बिडल्या नाहीत. "चूक माझी आहे. निस्तरते," म्हणाल्या. मला शेजारी बसवलं. मी नंबर लावून द्यायचा आणि बोलायचं त्यांनी.

तो आठवडा मी विसरणार नाही. कुंदाताई प्रत्येकीला एकच गोष्ट विचारत, मोडक्या हिंदीत नाही तर मराठीत, "काय विणताय तुम्ही?" माफी वगैरे नंतर. आणि समोरची बाई, जी भांडायला टपलेली असायची, ती सांगायला लागायची. नातवाचं टोपडं, धाकट्या जावेची शाल, मुलगी परदेशी निघालीय तिचे मोजे. टोपडी, मोजे असतील तर मिसळून चालेल, असं कुंदाताई सांगत. काठाला दुसरा लॉट घ्या, मुद्दाम केल्यासारखा दिसेल. आणि पाठच विणायची असेल तर युक्ती सांगत : दोन ओळी या गुंड्याच्या, दोन ओळी त्या गुंड्याच्या, अशा शेवटपर्यंत जा, म्हणजे रंग एकमेकांत मिसळतो आणि पट्टा उठत नाही. नागपूरच्या एका गृहस्थांनी लोकर मिसेससाठी आहे असं तीन वेळा बजावलं, आणि मग सुटलेला टाका कसा उचलायचा यावर कुंदाताईंशी पंचवीस मिनिटं वाद घातला. फोन ठेवताना कुंदाताई म्हणाल्या, "मिसेसना सांगा, छान विणतात." पलीकडून हळूच, "थँक्यू."

किंजल पहिल्या दिवशी कानांत इअरफोन घालून बसली होती, यातलं काही ऐकत नव्हती. दुसऱ्या दिवशी एकच इअरफोन होता. त्या नागपूरकरांच्या वेळी ती खुर्ची ओढून आमच्यात बसली होती आणि तोंड दाबून हसत होती. शेवटी फक्त पाच ऑर्डरी रद्द झाल्या. मागच्या शेल्फावरच्या बऱ्याच पिशव्या रिकाम्या झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी किंजलनं एक गुंडा उचलला, मग दुसरा, आणि कुंदाताईंकडे न बघता विचारलं, "ताई, यात फरक कुठे असतो? मला दाखवा ना."

त्यानंतरचे पाचसहा महिने माझ्या आठवणीत सगळे एकाच दुपारसारखे आहेत. गॅलरीत ऊन, कठड्यावर मांडलेले गुंडे, आणि दोघी. एक साठीची, जिला दिवसेंदिवस कमी दिसत होतं, आणि एक पंचवीसची, जिला दिवसेंदिवस जास्त दिसायला लागलं होतं. "एकटक बघू नको गं," कुंदाताई सांगायच्या. "टक लावलीस की डोळा खोटं बोलतो. बघ, मग समोरच्या झाडाकडे बघ, मग परत ये. परत आल्यावर वेगळा वाटला तर वेगळा. घाई केलीस तर सगळेच सारखे." किंजल दहातल्या पाच चुकवायची, मग तीन, मग एक. फाइलमध्ये लॉटांच्या ओळी परत आल्या. तिची ती आपोआप आकडे उतरवायची व्यवस्थाही आली. फक्त आता ती अकराशे ओळींची होती आणि बनवणाऱ्या माणसानं त्याबद्दल बरीच कुरकुर केली.

चैत्रात कुंदाताईंनी काम सोडलं. गाजावाजा नको म्हणाल्या. हसमुखभाईंनी तरी पेढे आणले आणि बोलायला उभे राहून पेढेच वाटत सुटले. नेमकी त्याच दुपारी लुधियानाहून खेप आली, गडद निळ्याची. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे अर्ध्या गळालेल्या. किंजलनं एक नवा गुंडा आणि एक जुना गुंडा घेतला, गॅलरीत जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "वेगळा आहे, ताई. नवा जरा हिरव्याकडे जातोय."

कुंदाताईंनी हात पुढे केला. दोन्ही गुंडे घेऊन त्या गॅलरीत गेल्या, आणि त्यांच्यामागे मी. त्यांनी गुंडे उन्हात धरले. मान तिरकी केली. जरा दूर धरले, जवळ आणले, हात बदलला. मला कळत होतं. मग त्या माझ्याकडे न वळता, अगदी हळू, त्यांच्या घरच्या भाषेत म्हणाल्या, "माका दोनय एकच दिसतत गो."

मी पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही एकच दिसत होते.

कुंदाताई आत गेल्या. किंजल खुर्चीच्या टोकावर बसून वाट बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी. त्यांनी गुंडे तिच्यापुढे ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. "बरोबर," म्हणाल्या. "वेगळी ओळ कर."

जिना उतरताना मी त्यांची पिशवी घेतली होती. त्यांचा एक हात भिंतीवर. पहिल्या मजल्यावर मला राहवेना.

"ताई, तुम्हाला दिसलं नव्हतं ना? मग बरोबर कसं म्हणालात? ती चुकली असली तर?"

कुंदाताई थांबल्या. माझ्या कानापलीकडे बघत, म्हणजे माझ्याकडेच बघत, म्हणाल्या, "लोकर कशाला बघायची आता? मी केव्हाची तिलाच बघत होते. ती दोनदा झाडाकडे बघून आली."

खाली पत्रा ठोकणारे जेवायला गेले होते, त्यामुळे फाटकापर्यंत सगळं शांत होतं. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, खांद्याला लावली आणि भिंतीला हात न लावता रस्त्याच्या कडेकडेनं बसस्टॉपकडे चालायला लागल्या. मी वर जायचं सोडून किती तरी वेळ तिथंच उभी राहिले.